तीन दिवसांत प्राग: जुन्या शहराचे फोटो कुठून, कधी आणि कसे काढायचे

मे महिन्याच्या सुट्टीत नाहीतर दिवाळीच्या सुट्टीत आपली बरीच मंडळी युरोपला जातात आणि त्यात प्रागच्या वाट्याला दोन, फार फार तर तीन रात्री येतात. परत आल्यावर ग्रुपवर जे फोटो पडतात ते बघा, सगळ्यांचे सारखे. दुपारी बाराचं पांढरंफटक आकाश, चार्ल्स ब्रिजवर मुंगी शिरायला जागा नाही आणि त्या गर्दीत कुठेतरी काका-काकू डोळे बारीक करून उभे. कॅमेरा लाखाचा असो की हातातला फोन असो, भर दुपारी काढलेला फोटो भर दुपारचाच दिसणार. म्हणून माझं सरळ म्हणणं आहे, प्रागला जाताना 'बघायच्या ठिकाणांची' यादी बाजूला ठेवा आणि उजेडाचं वेळापत्रक बनवा. कुठली जागा किती वाजता, एवढंच. ठिकाणं कमी झाली तरी चालतील. जुनं शहर, नदी, पूल आणि पलीकडचा किल्ला हे सगळं चालत फिरता येईल एवढ्यातच आहे, त्यामुळे एकाच जागी दोनदा जाणं सहज जमतं आणि खरी मजा त्यातच आहे.

आधी सूर्य कधी उगवतो ते बघा

हे घरूनच करायचं काम आहे. प्राग साधारण 50 अंश उत्तरेला आहे, त्यामुळे मे आणि नोव्हेंबर ही जणू दोन वेगळी शहरं. मेच्या मध्यात सूर्य सव्वापाचच्या आसपास उगवतो आणि रात्री पावणेनऊला मावळतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सातच्या जरा आधी उगवतो आणि पावणेपाचपर्यंत मावळलेला असतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास मागे जातात हेही लक्षात ठेवा, दिवाळी कधी त्याच्या अलीकडे येते कधी पलीकडे.

आता गंमत अशी की सगळे मेला जातात, पण फोटोसाठी दिवाळीची सुट्टी जास्त सोयीची. मेमध्ये सूर्योदय पकडायचा तर चारला उठा आणि रात्रीचे दिवे पकडायचे तर साडेनऊपर्यंत बाहेर थांबा, म्हणजे झोप नाही आणि घरच्यांशी भांडण वेगळं. नोव्हेंबरमध्ये सकाळी सव्वासहाला पुलावर पोचलात तरी वेळेवर आणि संध्याकाळचा निळा उजेड साडेपाचपर्यंत आटोपतो, जेवायला सगळ्यांसोबत टेबलावर. थंडी असते, ढगही असतात, पण शरदात नदीवर कधीकधी धुकं असतं आणि ते मिळालं तर लॉटरीच.

दुसरी गोष्ट, आपल्याकडे सूर्य बुडाला की वीस-पंचवीस मिनिटांत अंधार होतो, मुंबई-पुण्याला सवय असते पटापट काढायची. तिकडे संधिप्रकाश बराच जास्त टिकतो. सूर्य गेल्यावर लगेच ट्रायपॉड आवरू नका, खरा रंग वीस मिनिटांनी यायला लागतो आणि पुढे जवळजवळ अर्धा तास राहतो.

राहायचं कुठे

कंजूषी करायची तर जेवणात करा, हॉटेलात नको. जुन्या शहरात किंवा नदीपलीकडे माला स्त्रानामध्ये खोली घेतलीत तर पहाटे उठून दहा मिनिटांत पुलावर. टूरवाल्यांबरोबर गेला असाल आणि हॉटेल शहराबाहेर असेल तरी हरकत नाही, मेट्रो पहाटे पाचच्या सुमारास सुरू होते आणि त्याआधी रात्रीच्या ट्राम चालू असतात, 90 च्या पुढचे नंबर असतात त्यांचे. स्तारोमेस्तस्का हे 'ए' लाइनचं स्टेशन, तिथून पूल अगदी जवळ. कागदी तिकीट घेतलंत तर ते पिवळ्या मशीनमध्ये एकदा छापून घ्यायला विसरू नका, न छापलेलं तिकीट म्हणजे विनातिकीटच धरतात.

बॅगेत काय

फार काही नाही. कॅमेरा असेल तर 24-70 सारखी एक झूम लेन्स पुरे, फारतर एक हलकी टेली, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स. टेलीचा उपयोग तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जास्त होतो इथे, कारण मनोरे, पुतळे, लाल छपरं एकमेकांवर रचल्यासारखी दिसतात ती लांबूनच. अल्ट्रावाइड, म्हणजे खूप रुंद दृश्य घेणारी लेन्स, नसेल तर रडू नका, अरुंद गल्लीत वाइडने इमारती मागे पडल्यासारख्या वाकतात. फोनवाल्यांनी फोनचाच दोन एक्स किंवा तीन एक्स झूम वापरावा.

ट्रायपॉड न्यायचा तर छोटा. माझी आवडती युक्ती वेगळी आहे, एक झिपवाली रिकामी कापडी पिशवी न्यायची आणि तिथल्या सुपरमार्केटमधून अर्धा किलो मसूर घेऊन त्यात भरायची. पुलाच्या दगडी कठड्यावर ही पिशवी ठेवली आणि वर कॅमेरा दाबून बसवला की दोन-चार सेकंदांचं एक्सपोजर आरामात निघतं, कोणाच्या पायात काही येत नाही. पट्टा मात्र मनगटात अडकवलेलाच ठेवा, खाली व्लतावा नदी आहे.

बाकी, आपली साधी दोन पिनांची चार्जर तिकडे चालतात, तीन पिनांची नाही. थंडीत बॅटरी लवकर उतरते म्हणून जादाची बॅटरी आतल्या खिशात ठेवायची. आणि बूट! सगळे रस्ते दगडी आहेत, पातळ तळव्याच्या सँडलने दुसऱ्या दिवशी पाय बोलायला लागतात. ड्रोन घरी ठेवा, शहराच्या मध्यभागात परवानगीशिवाय उडवता येत नाही.

पहिली सकाळ: चार्ल्स ब्रिज

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. 1357 साली चौथ्या चार्ल्स राजाने बांधायला घेतलेला हा पूल 516 मीटर लांब आहे आणि दोन्ही कठड्यांवर मिळून 30 पुतळे आहेत, बरेचसे 1683 ते 1714 या काळात बसवलेले. आज तिथे दिसणारे अनेक पुतळे प्रतिकृती आहेत, मूळचे संग्रहालयात नेलेत. फोटोला काही फरक पडत नाही.

सूर्योदयाच्या निदान अर्धा तास आधी पोचा. अंधार असताना पुलावरचे गॅसचे दिवे पेटलेले असतात, आकाश गडद निळं आणि दिवे पिवळे, हे दोन्ही एका फ्रेममध्ये फक्त पंधरा-वीस मिनिटं बरोबरीने येतात. आधी हे काढून घ्यायचं. माला स्त्रानाकडच्या बाजूने पुलावर चढा, साधारण एक तृतीयांश पूल चालून या आणि जुन्या शहराकडे तोंड करून थांबा. समोर जुन्या शहराच्या बाजूचा गॉथिक टॉवर, त्याच्याकडे जाणारी दिव्यांची रांग, दोन्ही बाजूंना काळे पुतळे. कॅमेऱ्याची उंची थोडी खाली, कमरेएवढी, म्हणजे दगडी फरशी जास्त येते आणि रात्री पाऊस पडून गेला असेल तर दिव्यांचं प्रतिबिंब पण येतं.

सेटिंग सांगायचं तर मसुराच्या पिशवीवर किंवा ट्रायपॉडवर आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 100, एफ (लेन्सचं छिद्र) 8 आणि शटर दोन ते आठ सेकंद, उजेड वाढेल तसं कमी करत जायचं. सेल्फ टायमर दोन सेकंदांचा लावा, बटण दाबताना हलतं. हातात धरून काढत असाल तर आयएसओ 1600 ते 3200, एफ 4 च्या आसपास आणि शटर तीसांश सेकंदाच्या खाली नको. फोनचा नाइट मोड चांगला आहे पण तो रात्रीचा दिवस करून टाकतो, म्हणून स्क्रीनवर टॅप करून एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, जरा खाली ओढा. आकाश निळं राहिलं पाहिजे, राखाडी नाही.

मग सूर्य. ऑक्टोबरच्या मध्याच्या आगेमागे तो पुलावरून बघताना साधारण त्या टॉवरच्याच आसपास वर येतो, मेमध्ये मात्र बराच डावीकडे. दोन्ही वेळी पुतळ्यांच्या छायाकृती मिळतात. एक्सपोजर आकाशावर घ्यायचं, पुतळे काळे होऊ द्या, ते काळेच छान दिसतात. आणि इथे बहुतेक लोक एक गोष्ट विसरतात, सगळे सूर्याकडे बघत बसतात आणि पाठीमागे किल्ल्यावर सकाळचं सोनं पसरलेलं असतं तिकडे कोणाचं लक्षच नसतं. सूर्य वर आला की अबाऊट टर्न. सकाळचा उजेड किल्ल्यावर आणि सेंट व्हायटस कॅथेड्रलच्या मनोऱ्यांवर पडतो, संध्याकाळी मात्र सूर्य त्यांच्या मागे जातो. म्हणजे किल्ल्याचा उन्हातला फोटो सकाळचा आणि छायाकृती संध्याकाळची, उलट करायला गेलात तर दोन्ही फसतात.

मोठी दृश्यं झाली की जवळ जा. नेपोमुकच्या सेंट जॉनचा पुतळा शोधा, 1683 चा, त्याच्या चौथऱ्यावर ब्राँझची दोन चित्रं आहेत. पुन्हा प्रागला येणं होईल या श्रद्धेने लोक तिथे हात लावतात, वर्षानुवर्षं हात लागून तेवढाच भाग सोन्यासारखा चकाकतो आणि बाकीचं ब्राँझ काळपट. सकाळी तिरपा उजेड असताना जवळून काढा, शक्य झालं तर हात लावणाऱ्या माणसाचा फक्त हात फ्रेममध्ये घ्या. शंभर पुलांच्या फोटोंपेक्षा हा एक जास्त बोलतो असं माझं मत आहे.

साडेसात-आठनंतर पूल भरायला लागतो. तिथून निघायचं. हो, आणि पहाटे पुलावर लग्नाचे कपडे घालून फोटो काढणारी जोडपी भेटतीलच, प्री-वेडिंगचं वेड आपल्याकडेच आहे असं समजू नका. त्यांच्या फ्रेममध्ये घुसू नका, ते तुमच्या फ्रेममध्ये आले तर तसेच घ्या, लांबून पांढरा झगा त्या काळ्या पुतळ्यांमध्ये मस्त दिसतो.

घड्याळ आणि चौक

पुलावरून सरळ जुन्या शहराच्या चौकात या, सकाळी चौक रिकामा असतो. टाऊन हॉलच्या भिंतीवरचं खगोलीय घड्याळ 1410 चं, त्याच्या तबकडीचा नीट फोटो याच वेळी काढून घ्या. दर तासाला प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या शिष्यांच्या, मूर्ती खिडकीतून फिरतात तो कार्यक्रम सकाळी 9 ते रात्री 11 चालतो आणि खरं सांगायचं तर तो मिनिटभरात संपतो, फोटोत तर काहीच येत नाही. त्यावेळी घड्याळाकडे पाठ करा. समोर दोनशे माणसं, सगळ्यांचे हात वर, सगळ्यांची तोंडं उघडी, फोटो तिथे आहे. नऊ-दहा सेकंद अंदाज घेऊन चेहऱ्यांवर फोकस करा आणि एकीकडे आपलं पाकीट सांभाळा, कारण वर बघणाऱ्या गर्दीत खाली बघणारे पण असतात.

टीन चर्चचे ते दोन काळे टोकदार मनोरे चौकाच्या पूर्वेला आहेत आणि टाऊन हॉल पश्चिमेला, त्यामुळे चर्चच्या तोंडावर ऊन दुपारनंतर पडतं. टाऊन हॉलच्या टॉवरवर लिफ्ट आहे, आई-बाबा सोबत असले तरी जमतं. वर चारही बाजूंनी अरुंद सज्जा आहे, शनिवार-रविवारी रांग लागते. सूर्य मावळायच्या तासभर आधी वर जा आणि रोजच्या बंद व्हायच्या वेळा आदल्या दिवशी बघून ठेवा. तिथे ट्रायपॉड उघडायला जागा नसते, कठड्यावर हात टेकवूनच काढायचं. वरून खाली चौकातल्या लांब सावल्यांचे फोटो काढायला विसरू नका, माणसं ठिपक्याएवढी आणि सावल्या पुरुषभर.

टाऊन हॉलच्या पूर्वेच्या भिंतीपाशी फरशीत 27 पांढरे क्रॉस आहेत, 21 जून 1621 ला इथे 27 जणांना मृत्युदंड दिला होता त्यांची ही खूण. लोक आईस्क्रीम खात त्यावरून चालत जातात. पायांसकट काढा.

भर दुपारचं काय करायचं

झोपा. गंमत नाही करत, मेमध्ये गेला असाल तर दोन-तीन तास झोप काढल्याशिवाय रात्र निभत नाही. झोप येत नसेल तर ही वेळ छोट्या गोष्टींची. माला स्त्रानातल्या नेरुदोवा रस्त्यावर घरांच्या दारांवर कोरलेली चिन्हं आहेत, 1770 च्या सुमारास घरांना नंबर पडले त्याआधी लोक पत्ता सांगताना हीच चिन्हं सांगायचे. 12 नंबरवर तीन व्हायोलिन, 47 नंबरवर दोन सूर्य, त्या दोन सूर्यांच्या घरात लेखक यान नेरुदा राहायचा आणि रस्त्याला नाव त्याचंच. वरून पडणाऱ्या कडक उन्हात ही कोरीव चिन्हं छान उठून दिसतात. टेली लावा, समोरच्या फुटपाथवर जा, कॅमेरा सरळ धरा आणि सगळी चिन्हं एकाच मापात काढा. घरी आल्यावर नऊ फोटोंचा एक चौकोन करा, टीशर्ट छापण्याइतका सुंदर होतो. प्रत्येक घरावर एक लाल आणि एक निळी पाटी दिसेल, दोन वेगळे नंबर असतात, आम्ही पत्ता शोधताना ज्यावरून वाद घालायचो तो हाच. रस्त्याचा नंबर निळ्या पाटीवर.

दुपारी सावलीतल्या गल्ल्याही चालतात, फक्त फ्रेममध्ये आकाश घेऊ नका. आकाशाचा पट्टा आला की एकतर तो पांढरा होतो नाहीतर गल्ली काळी. कमानीच्या आत उभं राहून बाहेर उन्हातून येणाऱ्या माणसाची वाट बघा, कमान काळी राहू दे. लेतेन्स्का रस्त्यावर तर इमारतीच्या कमानीखालून ट्राम जाते, लाल-पांढरी जुनी ट्राम हवी असेल तर 23 नंबरची, त्यावर टाट्रा टी 3 या जुन्या गाड्या चालतात. रुळापासून लांब उभं राहायचं हे सांगायला नको.

किल्ल्याच्या आवारात सकाळी 6 ते रात्री 10 फिरता येतं. सेंट व्हायटस 1344 ला सुरू होऊन 1929 ला पूर्ण झालं. आत फ्लॅश आणि ट्रायपॉड नको. रंगीत काचांमधून खांबांवर पडणारे रंग काढा, काचांचे फोटो तर सगळेच काढतात. तिथून परत गर्दीत उतरण्याऐवजी मागच्या नोवी स्व्येत या बारक्या वस्तीत जा, बुटकी घरं आणि वळणारा दगडी रस्ता, बरेचदा एकटे तुम्हीच असता.

संध्याकाळ: एकावेळी एकच जागा

इथे हाव धरू नका, एका संध्याकाळी तीन जागा करायला गेलात की तिन्ही ठिकाणी उशिरा पोचता.

छपरांसाठी स्त्राहोव मठाच्या खालची बाजू. ही जागा शहराच्या पश्चिमेला, त्यामुळे संध्याकाळचा सूर्य तुमच्या पाठीशी आणि समोर लाल छपरं तापलेली. 22 नंबरच्या ट्रामने पोहोर्झेलेत्सला उतरलात की थोडंच चालणं, चढ वाचतो.

पुलांसाठी लेतनाची टेकडी. हानाव्स्की पॅव्हिलियनच्या बाजूने खाली नदीवरचे पूल एकामागे एक दिसतात, टेली लावलीत की ते एकमेकांना चिकटतात. ही जागा सूर्य गेल्यावरची, दिवे लागल्यावरची.

आणि तो पोस्टकार्डवाला फोटो, पुढे चार्ल्स ब्रिज आणि वर उजळलेला किल्ला, तो जुन्या शहराच्या बाजूच्या नोवोत्नेहो लावका या नदीत घुसलेल्या धक्क्यावरून. जरा वेगळं हवं तर उत्तरेचा मानेस ब्रिज, पण त्यावरून ट्राम जातात आणि ट्राम गेली की पूल थरथरतो. ट्रायपॉड कितीही भारी असो, आठ सेकंदांचा फोटो हललेलाच येतो. ट्राम पूर्ण पलीकडे जाऊ द्या, चारपाच सेकंद थांबा आणि मग बटण दाबा. किल्ल्यावरचे दिवे जळून पांढरे होत असतील तर थोड्या कमी एक्सपोजरचा अजून एक फोटो काढून ठेवा, घरी दोन्ही जोडता येतात.

घरच्यांचे फोटो

हे नाही केलं तर पुढच्या ट्रिपला कोणी तुमच्याबरोबर येणार नाही. माणसांना इमारतीच्या पायथ्याशी नेऊन उभं करू नका, तिथे ती बाहुलीएवढी होतात आणि चर्च तरी पूर्ण येत नाही. माणसं कॅमेऱ्यापासून दोन-तीन मीटरवर, इमारत लांब मागे. कॅमेरा छातीच्या उंचीवर सरळ धरा, वर वाकवलात की मनोरे मागे पडतात. आईला पुलावर साडी नेसायची असेल तर नेसू द्या, त्या मातकट पिवळ्या आणि मलई रंगाच्या भिंतींसमोर गडद हिरवा, मोरपंखी, वांगी हे रंग असे खुलतात की रस्त्यावरचे लोक फोटो मागतात. पहाटे सगळ्यांना उठवणं शक्य नाही, म्हणून घरच्यांचं सेशन सूर्य मावळायच्या तासभर आधी काम्पा बेटावर, तिथे झाडं आहेत, बसायला जागा आहे आणि मुलं पळू शकतात. पुलाच्या उत्तरेला त्याच काठावर हंस जमतात, तिथेही चालेल, पण हंसांच्या फार जवळ लहान मुलांना नेऊ नका, चावतात.

पुलावर गुडघे टेकून, डोकं जमिनीला लावून भीक मागणारे लोक दिसतील. त्यांचे फोटो बरेच जण काढतात. तुम्ही काढू नका.

ट्रडेलनिक, म्हणजे दांड्याला गुंडाळून भाजलेला गोड पाव, हातात धरून मागे चर्च हा फोटो काढायचाच असेल तर काढा, पण ते काही प्रागचं प्राचीन पक्वान्न वगैरे नाही, पर्यटकांसाठी गेल्या काही वर्षांत फोफावलेलं दुकान आहे. शाकाहारी माणसाने पोटासाठी तळलेलं चीज मागावं, ते जवळपास कुठल्याही साध्या हॉटेलात मिळतं.

रोज रात्री पंधरा मिनिटं

कार्डातले फोटो फोनवर किंवा छोट्या ड्राइव्हवर उतरवा आणि कार्ड पुसू नका, दोन्हीकडे राहू द्या. मग पटकन चाळून बघा, काय राहिलं. पूल हललेला आलाय, किल्ला पांढरा झालाय, धुकं होतं पण तुम्ही झोपला होता, असं काहीतरी निघतंच आणि त्यावरून दुसऱ्या दिवशीची पहाट ठरते. तीन दिवसांपैकी दोन पहाटे पुलाला दिल्या तरी वाया जात नाहीत, एक तर ढगात जातेच.

एडिटिंग घरी. आधी उभ्या रेषा सरळ करा, मग रंग. गॅसच्या दिव्यांचा पिवळा थोडा कमी करा, सगळा काढू नका. लाल छपरांचं सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, वाढवायचा मोह आवरा, ती मुळात विटकरी आहेत, टोमॅटो केचप नाही. आणि ग्रुपवर टाकताना दोनशे फोटोंचा अल्बम टाकू नका, बारा टाका. उरलेले ज्यांना बघायचेत ते घरी येतील, चहा पाजा.